पेंढा, तेल आणि डांबर : पानिपतहून मनसरकडे

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हरियाणात पानिपत शहरावरून जातो आणि पुढे दिल्ली, आग्रा, झांशी, सागर, सिवनी असे टप्पे ओलांडून नागपूर जिल्ह्यात मनसरला येतो. या एकाच रस्त्याच्या दोन ठिकाणी गेल्या काही वर्षांत घडलेल्या दोन घटनांचा परस्परांशी जवळचा संबंध आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, इंडियन ऑइलच्या पानिपत तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करणारा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर-मनसर बाह्यवळण मार्गावर लिग्निनमिश्रित जैव-डांबराच्या पट्ट्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महामार्गावरील देशातील हा अशा प्रकारचा पहिला पट्टा होय. पानिपतच्या प्रकल्पाचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. मनसरच्या जैव-डांबरामागेही तीच संस्था, तिच्या जोडीला केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आहे.

मराठी माणसाच्या मनात पानिपत हे नाव १४ जानेवारी १७६१ या तारखेशी बांधलेले आहे, आणि एखादा डाव पुरता फसला की ‘पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो. शेतीच्या अभ्यासकांना मात्र आता या नावाकडे वेगळ्या कारणाने पाहावे लागेल. शेतात जळून जाणारा पेंढा, कारखान्यात उरणारा लगदा आणि घाणीतून निघणारे अखाद्य तेल यांना रस्त्याच्या डांबरात जागा मिळू शकते का, मिळाली तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडते आणि त्याच्या जमिनीतून काय जाते, हा या लेखाचा विषय आहे.

डांबर कडक का होते

रस्त्याच्या मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, कच आणि भुकटी असते. उरलेले पाच-साडेपाच टक्के डांबर. खडीला धरून ठेवण्याचे सगळे काम या पाच टक्क्यांवर असते. डांबर हे कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनात सर्वांत शेवटी तळाशी राहणारे द्रव्य. रसायनदृष्ट्या त्यात दोन भाग कल्पावेत. एक, अ‍ॅस्फाल्टीन नावाचे जड, घट्ट रेणू. दुसरा, त्यांना आपल्यात तरंगत ठेवणारा तेलकट भाग, ज्यात रेझिने, सुगंधी संयुगे आणि संपृक्त तेले येतात. या दोहोंचे प्रमाण बिघडले की डांबराचा स्वभाव बिघडतो.

ते बिघडते ऊन, हवा आणि उष्णता यांमुळे. हॉट मिक्स प्लांटमध्ये दीडशे अंशांच्या वर तापलेली खडी आणि पातळ थरातले डांबर एकत्र येतात, तेव्हाच काही मिनिटांत डांबराचे मोठे वार्धक्य घडून जाते. पुढची वर्षे रस्त्यावर ते हळूहळू चालू राहते. हलका तेलकट भाग उडतो वा ऑक्सिजनशी संयोग पावून जड होतो, अ‍ॅस्फाल्टीनचे प्रमाण वाढते, डांबर कडक व ठिसूळ होते आणि रस्त्याला भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरले की खड्डा दूर नसतो.

भारतात डांबराची प्रतवारी आयएस ७३ या मानकानुसार चिकटपणावर होते. महामार्गांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीचा ६० अंश सेल्सिअसला चिकटपणा २४०० ते ३६०० पॉइज असावा लागतो. त्याहून मऊ व्हीजी-१०, त्याहून कडक व्हीजी-४०. साठ अंश हे तापमान उगाच निवडलेले नाही. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्या स्थितीत डांबर फार मऊ असेल तर अवजड ट्रकांच्या चाकांखाली रस्ता दबून चाकोऱ्या पडतात. म्हणजे डांबर उन्हाळ्यात पुरेसे कडक हवे आणि वर्षे उलटली तरी ठिसूळ होता कामा नये. वनस्पतिजन्य द्रव्यांची कसोटी या दोन अटींवर लागते.

तेलाचे काम

डांबरात वनस्पती तेल मिसळले की ते मऊ होते. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, हाताला चिकटलेले डांबर गोडेतेलाने सुटते हे घराघरांत माहीत आहे. तेलातील लांब साखळ्यांची मेदाम्ले डांबराच्या तेलकट भागात मिसळतात आणि एकमेकांना घट्ट बिलगलेले अ‍ॅस्फाल्टीनचे पुंजके सैल करतात. म्हणून नव्या डांबरात सरसकट तेल घालणे आपल्या उष्ण हवामानात शहाणपणाचे नाही. थंड देशांत त्याचा उपयोग वेगळा आहे.

तेलाची खरी जागा आहे जुन्या रस्त्याच्या पुनर्वापरात. रस्ता नव्याने करताना वरचा थर यंत्राने खरवडून काढतात. त्या खरवडीत उत्तम खडी असते आणि वार्धक्याने कडक झालेले डांबरही असते. ही खरवड फेकून न देता नव्या मिश्रणात २० ते ३० टक्के किंवा त्याहून अधिक वापरता येते. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी १२० ही मार्गदर्शिका २०१५ मध्ये दिली. जुने डांबर कडक असल्याने मिश्रण ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी कायाकल्पक म्हणून तेल घालतात. आजवर त्यासाठी प्रामुख्याने खनिज तेलाचे सुगंधी अंश वापरले जात. त्यांतील काही आरोग्याला घातक मानले जातात. वनस्पती तेलांचा ज्वलनांक साधारण अडीचशे अंशांच्या वर असल्याने गरम प्लांटमध्ये ती तुलनेने सुरक्षित असतात आणि त्यांचा धूरही कमी होतो.

मात्रा जुन्या डांबराच्या वजनाच्या काही टक्के एवढीच असते. अंदाजे पाच टक्के धरून हिशेब मांडू. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब, ४० मिलिमीटर जाड थर म्हणजे २८० घनमीटर मिश्रण, वजन सुमारे ६७० टन. त्यात ३० टक्के खरवड घातली तर ती २०० टन. तिच्यात पाच टक्के जुने डांबर धरले तर १० टन, आणि त्याच्या पाच टक्के म्हणजे अर्धा टन तेल. एरंडाच्या बियांत ४५ ते ५० टक्के तेल असते. म्हणजे एक किलोमीटरच्या थराला साधारण एक टन एरंडी लागेल. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण ‘रस्त्यासाठी तेलबिया लावा, अमाप मागणी येणार आहे’ असे सांगत कोणी गावात आले तर त्याला तो विचारता येईल. मागणी मर्यादित आहे. जिथे ती आहे तिथे प्रतीला मोल आहे.

कोणते तेल आणि कोणते नव्हे

खाद्यतेल आधी बाजूला ठेवले पाहिजे. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आपण आयात करतो. शेंगदाणा, करडई वा सोयाबीनचे चांगले तेल रस्त्यावर ओतण्याला आर्थिकदृष्ट्याही अर्थ नाही आणि नैतिकदृष्ट्याही नाही. अमेरिकेची स्थिती निराळी आहे. तिथे सोयाबीन उत्पादकांच्या निधीतून आयोवा स्टेट विद्यापीठाने सोयाबीन तेलापासून डांबरासाठी बहुवारिक तयार केले आणि अलाबामातील ऑबर्न येथील चाचणी-मार्गावर त्याची परीक्षा घेतली. ज्या देशात सोयाबीन तेल मुबलक आहे त्याने नवी बाजारपेठ शोधावी, हे साहजिक आहे. लातूर वा वाशिमच्या सोयाबीन उत्पादकाने मात्र त्यावरून आपली गणिते बांधू नयेत.

तेलाच्या गुणांत एक शेतकऱ्याला सहज समजेल असा भेद आहे. जवसाचे तेल लाकडाला लावले की हवेत सुकून त्याचा कडक थर होतो. सुतार आणि रंगारी याच गुणासाठी ते वापरतात. डांबरात हाच गुण दोष ठरतो, कारण जे तेल हवेशी संयोग पावून स्वतःच कडक होते ते डांबराला तरुण कसे ठेवणार? तेलाचा हा स्वभाव आयोडीन मूल्यावरून कळतो. जवसाचे मूल्य १७० च्या पुढे, सोयाबीनचे १२० ते १४०, एरंडाचे ८० ते ९०. मूल्य जितके कमी तितके तेल टिकाऊ. करंजाचे तेलही एरंडाच्या आसपास येते. या दृष्टीने एरंड आणि करंज ही अखाद्य तेले अभ्यासाला योग्य आहेत. करंज तर बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला आपोआप वाढतो आणि त्याच्या बिया बहुतेक गावांत गोळाही केल्या जात नाहीत.

दुसरा स्रोत तळणीचे वापरलेले तेल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल खाण्यात येऊ नये म्हणून ते गोळा करून जैवडिझेल व इतर कामांना वळवण्याची योजनाही आहे. हे तेल स्वस्त असते, पण बेभरवशाचे असते. त्यात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. आम्लता जास्त असेल तर पावसाळ्यात खडीवरून डांबर सुटण्याची प्रवृत्ती वाढते, आणि कोकण वा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा दोष क्षम्य नाही. त्यात पाण्याचा अंश राहिला तर १६० अंशांच्या डांबरात ते पडताच फेस उसळून टाकीबाहेर येतो. कामगारांच्या जिवाला हा प्रत्यक्ष धोका आहे. त्यामुळे गाळणे, पाणी काढणे आणि आम्लमूल्य तपासणे या तीन गोष्टी झाल्याखेरीज असे तेल प्लांटवर जाऊ नये.

तिसरा स्रोत आपल्या कोकणाचा आहे आणि त्याच्याकडे अधिक आस्थेने पाहायला हवे. काजूच्या टरफलात वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक तेल असते. हातांची कातडी सोलवटणारे हे तेल मच्छीमार आपल्या होड्यांच्या लाकडाला पूर्वापार लावत आले आहेत, कारण पाणी व कीड दोन्ही त्याच्यापुढे टिकत नाहीत. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते. उष्णता दिली की त्याचे कार्डेनॉल होते. कार्डेनॉलच्या रेणूत एका बाजूला फिनॉलचे वलय आणि दुसऱ्या बाजूला पंधरा कार्बन अणूंची तेलकट शेपटी असते. वलयामुळे ऑक्सिडीकरण मंदावते, शेपटीमुळे ते डांबरात मिसळते. साध्या वनस्पती तेलात हा दुहेरी गुण नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या काजूप्रक्रिया उद्योगांत टरफल बहुधा जाळण्यासाठी किंवा तेलघाणीला जाते. डांबराच्या कामासाठी ते विकले जावे यासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि रस्ते अभियंते यांनी एकत्र बसणे उपयुक्त ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पानिपतचा पेंढा

आता तेलाकडून पेंढ्याकडे वळू. पंजाब-हरियाणात भातानंतर लगेच गहू येतो. भूजल वाचवण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत पुढे ढकलली. हेतू योग्य होता, पण त्यामुळे कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला दोन-तीन आठवडेच उरू लागले. कंबाइन हार्वेस्टर दाणा घेऊन जातो, पेंढा व धसकटे मागे राहतात. काडी ओढणे हा त्या शेतकऱ्याला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. दिल्लीच्या धुराची चर्चा दरवर्षी होते, शेतकऱ्याच्या या वेळापत्रकाची मात्र फारशी होत नाही.

पानिपतचा प्रकल्प या कोंडीवरचा एक उपाय म्हणून उभा राहिला. नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल तयार करण्याची आहे. एकरी दोन ते अडीच टन पेंढा निघतो असे धरले तर हे ८० हजार ते १ लाख एकरांवरचे पीक झाले.

पेंढ्यात तीन मुख्य घटक असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोहोंची साखर होते, साखरेचे इथेनॉल होते. लिग्निन आंबत नाही. झाडाला ताठ उभे ठेवणारे, कुजायला सर्वांत उशीर लावणारे हे द्रव्य प्रक्रियेच्या शेवटी लगद्याच्या रूपाने उरते. आजवर त्याचे नशीब म्हणजे बॉयलरची भट्टी. पण लिग्निनची रासायनिक घडण फिनॉलच्या वलयांची आहे आणि डांबरातील जड अंशाशी तिचे बरेच साम्य आहे. बारीक भुकटी करून ते गरम डांबरात मिसळले तर ते डांबराच्या काही भागाची जागा घेते, मिश्रण कडक करते आणि ऑक्सिडीकरण काही प्रमाणात रोखते. नेदरलँड्समधील झीलंड प्रांतात २०१५ पासून असे रस्ते घातले गेले आणि वाखेनिंगेन येथील संशोधन संस्थेने त्यांचा पाठपुरावा केला.

तेल आणि लिग्निन यांचे स्वभाव परस्परविरोधी आहेत, आणि हीच सोयीची बाब आहे. तेलाने डांबर मऊ होते, लिग्निनने कडक. दोन्ही योग्य प्रमाणात घातली तर एकाचा दोष दुसरे झाकते. विदर्भासारख्या उष्ण भागात लिग्निनला प्राधान्य, जुनी खरवड वापरायची असेल तर तेलाची जोड, असा ढोबळ क्रम सुचवता येईल.

मनसरचा पट्टा आणि त्यापुढचा हिशेब

मनसरच्या पट्ट्यात डांबरात १५ टक्के लिग्निन मिसळण्याचे तंत्र वापरले गेले. नेहमीच्या डांबराच्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन किमान ७० टक्क्यांनी कमी होते, असे उद्घाटनाच्या वेळी सरकारी पातळीवर सांगण्यात आले. १५ टक्के मिश्रणातून ७० टक्के घट कशी, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. अशा हिशेबात शेतात न जळलेल्या पेंढ्याचा आणि झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनचा वाटाही धरला जाऊ शकतो, त्यामुळे हिशेबाची चौकट कोणती हे विचारूनच असे आकडे पुढे सांगावेत.

पेंढ्याकडून येणारा दुसरा मार्ग पायरोलिसिसचा. ऑक्सिजनशिवाय सुमारे पाचशे अंशांपर्यंत पेंढा तापवला की जैवतेल, वायू आणि कोळसा मिळतात. जैवतेलापासून डांबराला पर्यायी बंधक तयार करण्याचे तंत्र डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांनी विकसित केले असून मेघालयात जोराबाट-शिलाँग मार्गावर १०० मीटरचा पट्टा त्याने घातला गेला आहे. शेतीच्या दृष्टीने या मार्गाचा विशेष असा की उरणारा कोळसा बायोचार म्हणून जमिनीला परत देता येतो.

मघाचाच एक किलोमीटरचा थर घेऊ, पण या वेळी खरवडीशिवाय, सगळा नवा. ६७० टन मिश्रणात साडेपाच टक्के म्हणजे सुमारे ३७ टन डांबर. त्यातील १५ टक्के लिग्निन म्हणजे साडेपाच टन. पेंढ्यात वापरता येण्याजोगे लिग्निन १२ टक्के धरले तर सुमारे ४६ टन पेंढा, म्हणजे साधारण २० एकरांचा. प्रत्यक्षात सगळे लिग्निन हाती लागत नाही, म्हणून एकर काहीसे वाढतील. एका गावाच्या शिवारातला पेंढा त्या गावाला जोडणाऱ्या रस्त्याच्या वरच्या थराला पुरेल, एवढे मात्र खरे.

देशपातळीवर चित्र वेगळे दिसते. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे ८८ लाख टन डांबर लागले आणि त्यातील जवळपास निम्मे आयात झाले. त्याच्या १५ टक्के म्हणजे १३ लाख टनांहून अधिक लिग्निन. पानिपतएवढ्या प्रकल्पाच्या पेंढ्यात १२ टक्क्यांनी २४ हजार टन लिग्निन असते आणि ते सगळे डांबराला दिले तरी असे पन्नासहून अधिक प्रकल्प लागतील. शिवाय ज्या बॉयलरला हे लिग्निन जात होते त्याला दुसरे इंधन शोधावे लागेल. तेव्हा आयात बंद होण्याच्या गोष्टी आज कोणी करू नयेत. पण लिग्निनला भट्टीतल्या इंधनापेक्षा अधिक भाव मिळाला तर पेंढ्याला अधिक दर देण्याची कारखान्याची ताकद वाढते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा आयातीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

जमिनीचे देणे

पेंढा विकला की शेतातून काय जाते? एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक असते. एकरी दोन टन पेंढा बाहेर गेला तर ५० किलो पालाश गेला. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात ३० किलो पालाश असतो, म्हणजे दीड पोत्याहून अधिक खत गाडीत भरून गेले. पेंढा शेतातच जाळला तर नत्र आणि सेंद्रिय कार्बन जातो, पण पालाशचा मोठा भाग राखेत राहतो. पेंढा विकला की तोही जातो. पेंढ्याचा भाव ठरवताना हे मोल धरलेच पाहिजे. ते न धरता मिळालेले पैसे म्हणजे जमिनीतून काढलेली उचल आहे.

महाराष्ट्रात तर याबाबत अधिकच सावध राहावे लागेल. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. सोयाबीनचे कुटार जनावरांना लागते किंवा शेतात परतले तर जमीन भुसभुशीत होते. ते रस्त्यासाठी विकण्याचा सल्ला आपण देऊ नये. उसाच्या पाचटाचे आच्छादन केले तर पाणी वाचते, तण दबते. पाचट जाळू नका हे सांगण्यात विस्तार यंत्रणेची अनेक वर्षे गेली आहेत. आता ‘ते विका’ असे सांगून त्या कामावर पाणी फिरवू नये. चिपाड तर साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीला जाते.

पऱ्हाटीची गोष्ट निराळी. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. ती जनावर खात नाही, लवकर कुजत नाही. तिची घडण कठीण लाकडासारखी असून लिग्निनचे प्रमाण भाताच्या पेंढ्यापेक्षा बरेच जास्त असते. त्याहून मोठे कारण गुलाबी बोंडअळीचे आहे. हंगाम संपल्यावर उभी ठेवलेली किंवा बांधावर रचलेली पऱ्हाटी आणि तिच्यावरची किडकी बोंडे यांत अळी सुप्तावस्थेत राहते व पुढच्या हंगामाला पुरते. फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून शेत मोकळे करा, हा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि मजुरीच्या खर्चामुळे दरवर्षी बाजूला पडतो. पऱ्हाटीला घेणारा मिळाला तर पीकसंरक्षणाचे काम आणि उत्पन्न एकाच वेळी साधेल. पऱ्हाटीपासून फलक, ब्रिकेट, लगदा करण्याचे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे काम जुने आहे. तुकडे करून वाहून नेण्याची साखळी त्या कामातून काही भागांत उभीही राहिली आहे. मनसरपासून कापसाचा पट्टा फार लांब नाही. लिग्निनसाठी पऱ्हाटीचा विचार होणार असेल तर तो विदर्भातच व्हावा.

गठ्ठ्यापासून सुरुवात

हे सगळे तंत्रज्ञान कारखान्यात असले तरी त्याचे यशापयश गठ्ठ्यावर ठरते. कापणीनंतर पेंढा उन्हात वाळून ओल १५ टक्क्यांच्या आसपास आल्यावर बेलर चालवावा. ओला गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, कधी स्वतःहून पेटतोही. रेक फार खाली लावला तर माती गठ्ठ्यात येते. भाताच्या पेंढ्यात सिलिका मुळातच भरपूर असते, त्यात मातीची भर पडली की यंत्राची पाती झिजतात आणि लिग्निनमध्ये राखेचे प्रमाण वाढते. राख जास्त असलेले लिग्निन डांबरात नीट मिसळत नाही. रचलेल्या गंजीभोवती मोकळी जागा आणि जवळ पाण्याची सोय हवी.

गठ्ठ्याचा दर टनावर ठरतो. म्हणून वजनकाटा कुठला, ओलीची कपात कशी मोजणार, गाडीभाडे कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, हे शेतकरी उत्पादक कंपनीने हंगामापूर्वीच लेखी ठरवावे. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही आपल्याकडची म्हण इथे अगदी शब्दशः उपयोगी आहे. एकट्या शेतकऱ्याला बेलर परवडत नाही, आणि वर्षात वीस-पंचवीस दिवसच चालणारे यंत्र एका गावालाही जड जाते. भाताच्या भागात भंडारा-गोंदियाचा खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम व जोडीला चाऱ्याचे काम धरले तरच त्याचा हप्ता फिटतो.

तेलबियांबाबत एवढेच सांगावेसे वाटते की करंजाच्या बिया गोळा करायच्या असतील तर शेंगा झाडावर पिवळसर-तपकिरी झाल्यावर काढाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि घाणीवर जाण्यापूर्वी ओलसर जागी ठेवू नयेत. ओल्या साठवणीत मुक्त मेदाम्ले वाढतात. साबणाला असे तेल कसेबसे चालून जाते, डांबराला चालत नाही. तेल विकताना आम्लमूल्याचा दाखला प्रयोगशाळेतून घेऊन सोबत द्यावा. ग्राहक पहिल्यांदा त्याचीच विचारणा करील.